पडद्यामागच्या दोघी

"आन् ती पेटी उघडायची कोनी?" धोंडाबाईनं दारातूनच विचारलं.

मुलं वळून पाहू लागली. दर गुरुवारी संध्याकाळी मी वसतिगृहात गोष्ट सांगायला बसलो, की धोंडाबाई पिठाचे हात तसेच घेऊन चौकटीला टेकायची. पण मध्येच प्रश्न विचारण्याची ही तिची पहिलीच वेळ.

"बादशहा गेल्यावर उघडायची," मी म्हणालो. "सगळे राजपुत्र आणि सरदार जमायचे. त्यांच्यासमोर."

"तवर कुनालाच ठावं नाय?"

"कुणालाच नाही."

चीनवर मांचू बादशहांचं राज्य होतं, तेव्हाची ही चाल. वारसाचं नाव आधी जाहीर केलं की भाऊ भावाच्या जिवावर उठायचे. म्हणून एका बादशहानं तोड काढली. नाव कागदावर लिहायचं, पेटीत बंद करायचं आणि ती पेटी सिंहासनाच्या वर, उंच लावलेल्या पाटीच्या मागे ठेवायची. त्याच नावाचा दुसरा कागद त्याच्या स्वतःजवळ. तो गेल्यावर दोन्ही कागद लावून पाहायचे. जुळले, की वाद मिटला.

"आजी, तू काय बादशा हायस का?" काळूनं विचारलं.

"हाय ना. छप्पन्न ताटांची." मुलं हसली. धोंडाबाई मात्र फळ्याच्या वर पाहत होती. तिथं जुनी लाकडी पाटी होती : नेहमी खरे बोलावे.

नवरा गेल्यावर पेठकडच्या पाड्यावरून ती पंचवटीतल्या या वसतिगृहात आली, त्याला तीस वर्षं झाली. मुलगा सुनील तेव्हा चालत होता, धाकटी पूजा अंगावर पीत होती. तेव्हापासून पहाटे चारला उठणं, भाकऱ्या, भात, आमटी. ज्यांना तिनं भरवलं, त्यांची पोरंही आता इथं जेवत होती. पूजा माझ्याकडे मुळाक्षरं शिकली आणि आठव्या वर्षी तापानं गेली. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीतच. तेव्हापासून पहिली पंगत बसण्याआधी धोंडाबाई एक लहान ताट वाढून मागच्या ओट्यावर ठेवायची. मुलं त्याला पूजाताईचं ताट म्हणत. जेवणं आटपेपर्यंत ते रिकामं झालेलं असायचं. मांजर खात असेल, असं मी धरून चाललो होतो.

यंदा तिचे गुडघे गेले, जिना चढताना धाप लागू लागली. व्यवस्थापक महेश सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "मावशी, तुमच्यानंतर चूल कोणाकडे, ते तुम्हीच सांगा. जिच्याकडे चूल, तिला मागची खोली."

तिथून भांडण पेटलं. कुसाबाई अकरा वर्षं तिच्या हाताखाली होती. त्या खोलीच्या कोपऱ्याखेरीज तिला जगात जागा नव्हती. आणि सविता ही सुनीलची बायको. तो मनमाडला कामाला म्हणून गेला, तो तिकडचाच झाला. सासूखेरीज तिला कोणी नव्हतं. एकीला चूल मिळाली, की दुसरीनं पिशवी उचलायची. तिघींनाही ते कळत होतं.

"अकरा वर्सं चूल फुंकली मी," कुसाबाई पातेलं आपटत म्हणायची. "आन् ही आयती पाटावर बसनार."

"ग्यास हाय, मावशी. फुंकता कशाला?" सविता कांदा चिरता चिरता म्हणायची.

धोंडाबाई दोघींच्या मध्ये बसून तांदूळ निवडायची.

पुढच्या गुरुवारी मी त्याच राजवाड्याची दुसरी गोष्ट सांगितली. एक बादशहा तरणाच गेला आणि गादीवर पाच वर्षांचं पोर बसलं. कारभार कोणी पाहायचा? मग दोन राण्या, एक थोरली आणि एक त्या मुलाची आई, सिंहासनाच्या मागे पडदा लावून बसू लागल्या. पुढे पोर, पडद्यामागे दोघी.

"भांडल्या नायत?" दारातून प्रश्न आला.

"आतून असतील. पण उघड कसं भांडणार? पोर मध्ये होतं."

धोंडाबाईनं मान हलवली. वर्ग सुटल्यावर तिनं माझ्याकडे खडूचा रिकामा डबा मागितला.

"नाव मी लिहून देऊ का?" मी विचारलं. तिला अक्षर येत नव्हतं.

"नगं गुरुजी. तुमाला कळलं, तर गुपित कसलं?" ती हसली. "लिव्हनारी हाय माज्याकडं."

दुसऱ्या दिवशी चष्मा विसरला म्हणून मी भरदुपारी परत गेलो. मुलं शाळेत होती. वर्गात शिडी उभी होती आणि धोंडाबाई ती दोन्ही हातांनी घट्ट धरून, मान वर करून बोलत होती.

"सावकाश. डावा पाय... हां. आता ठेव मागं."

शिडीवर कोणी नव्हतं.

मी दारातच थांबलो. तिची नजर वरून एकेक पायरी खाली उतरत आली आणि शेवटच्या पायरीपाशी थांबली. मग तिनं पदरानं हवेतच काहीतरी पुसलं. घाम पुसावा तसं.

"कोण चढलं होतं, धोंडाबाई?"

ती दचकली नाही. "झालं काम," एवढंच म्हणाली. पाटीच्या मागे डब्याची कड दिसत होती. तिचे गुडघे मला ठाऊक होते. ती दुसऱ्या पायरीपलीकडे गेली नसती.

त्यानंतर स्वयंपाकघर शांत झालं. नाव ठरलंय, दुसरा कागद तिच्याजवळ आहे, एवढं दोघींना कळलं होतं. दोघी धोंडाबाईच्या कमरेच्या बटव्याकडे चोरून पाहायच्या.

कार्तिकात एका दुपारी भात वाढता वाढता ती भिंतीला टेकून बसली. "पल्लवी, पुढच्याला वाढ गं," वाढायला मदत करणाऱ्या वसतिगृहातल्या पोरीला म्हणाली, आणि वगराळं तिच्या हातात दिलं. मग उठलीच नाही.

अंघोळ घालताना बटवा निघाला. कुसाबाईनं तो न उघडता सगळ्यांसमक्ष महेश सरांच्या हाती दिला, आणि सरांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. तेरावं झाल्यावर मुलांसकट सगळे वर्गात जमलो. सविता आणि कुसाबाई दोन भिंतींना उभ्या होत्या. दोघींच्याही पायाशी बांधलेली पिशवी होती.

महेश सर शिडीवर चढले. डबा काढला, मेजावर ठेवला, शेजारी बटवा. दोन्हींतून एकेक घडी निघाली. सरांनी त्या उलगडल्या, शेजारी शेजारी ठेवल्या आणि पुन्हा उलटून पाहिल्या.

"वाचा की," सविता म्हणाली.

"दोन्हींवर एकच नाव आहे," ते म्हणाले. "पूजा."

"कोन पूजा?" कुसाबाईचा आवाज चिरकला. "ती पोर तर जाऊन बावीस वर्सं झाली!"

"मावशींना लिहिता येत नव्हतं. कोणी लिहून दिलं?" सरांनी मुलांना विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. ही मुलं खोटं बोलताना माझ्याकडे बघत नाहीत. त्या दिवशी सगळी माझ्याकडेच बघत होती.

मी कागद हातात घेतले. पेन्सिलीचं, जाड, दाबून काढलेलं अक्षर. आणि नावाखाली देठासकट एक कळी. मी तिला कितीदा सांगितलं होतं, पूजा, पाटीवर नाव लिहायचं, बाग नाही लावायची. ती मान डोलवायची आणि पुन्हा कळी काढायची. बोटाखाली पेन्सिलीची भुकटी अजून सुटत होती. मी कागद खाली ठेवले.

सविता भिंतीला धरून खाली बसली. कुसाबाईनं आपली पिशवी उचलली.

तेवढ्यात पल्लवी म्हणाली, "पन गुरुजी, नावं जुळली ना? मग वाद नाय."

"बाळ, पूजा नाहीये आता."

"पन ती लहान हाय," पल्लवी मला समजावून सांगू लागली, जसं मी तिला सांगतो तसंच. "राजा लहान असला, की दोघी पडद्यामागं बसतात. तुमीच सांगितलं."

मग कुसाबाईनं पिशवी खाली ठेवली. हळूच ठेवली, आवाज होऊ न देता.

आता चूल दोघींकडे आहे, खोलीही. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामध्ये धोंडाबाईचं हिरवं लुगडं बांधलंय. मुलांनीच हट्ट केला. पहिली पंगत बसण्याआधी दोघी त्याच्या आड थांबतात. लहान ताट मागच्या ओट्यावर जातं. मग पडदा सरतो.

गेल्या गुरुवारी सविता मला म्हणाली, "कुसामावशी तोंडानं कडू हाय, पन मन चांगलं. पूजाचं ताट रोज घासून पालथं घालते. बोलून दाखवत नाय."

थोड्या वेळानं कुसाबाई आली. "पोरगी लय तोंडाळ, गुरुजी. पन ताट तेवढं न सांगता घासून ठेवती."

मी दोघींनाही "बरं," म्हणालो. मग मागच्या ओट्यावर गेलो. ताट पालथं होतं, अजून ओलं. आजूबाजूचा ओटा कोरडा.

मी ते उचललं नाही. पडदा सारून वर्गात आलो. मुलं गोष्टीसाठी बसली होती, पुढच्या रांगेत एका पोरापुरती जागा सोडून.