चारशे सत्तर ओहम

सोमशेखर मालकांनी टॉवेलांचा गठ्ठा माग चालवणाऱ्या सावित्रम्माच्या पायाशी आपटला. एकूण एक टॉवेलात तुटल्या धाग्याची उभी रेघ.

“डोळे फुटलेत काय? धागा तुटला तरी माग चालूच! उद्यापासून येऊ नको.”

कारखान्यात मागांची दुरुस्ती बघणाऱ्या हुस्नानं हातातलं काम थांबवलं. चूक कुणाची, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

आठ दिवसांपूर्वी हाच माग उठसूट थांबायचा. तुटलेला धागा टिपणाऱ्या सेन्सरवर सुताची धूळ बसायची, ती रोज झटकली असती तरी भागलं असतं. पण सांगणार कुणाला? मालक आयटीआय झालेले, जगातली सगळी अक्कल त्यांच्याकडेच! सर्किटमधला कंपॅरेटर, म्हणजे सेन्सरचा इशारा वाचणारी चिप, आउटपुटच्या तारेतलं व्होल्टेज फक्त खाली ओढतो. वर धरून ठेवतो तो पुल-अप रेझिस्टर. व्होल्टेज खाली आलं की माग थांबतो.

“मग वर धरणारा दमदार लाव की! चार पॉइंट सात किलोओहमचा काढ, चारशे सत्तर ओहमचा टाक. ओहम कमी, तेवढा जोर जास्त,” मालकांनी फर्मावलं होतं.

“मालक, बारा व्होल्टला पंचवीस मिलिअँपिअर होतात. चिपला एवढं ओढवायचं न्हाय. धागा खरंच तुटला तरी माग थांबणार न्हाय.”

“मला शिकवतीस?”

आणि हुस्नानं मुकाट्यानं सोल्डर मारला होता.

आता मात्र तिला राहवेना. “मालक, अक्काची चूक न्हाय,” म्हणत तिनं मीटर लावला आणि एक धागा तोडला. माग धडधडतच राहिला. शून्याजवळ यायचा आकडा साडेचार व्होल्टवर अडकला होता. तिनं करंट बंद केला, जुना रेझिस्टर परत बसवला, माग चालू करून पुन्हा धागा तोडला. माग जागच्या जागी थांबला.

मालकांचा चेहरा तांबडालाल झाला. “सावित्रम्मा, लाग कामाला. आणि तू गं, लावला कुणी होता? हात तुझाच की! चल, नीघ हितनं.”

हुस्नानं सावित्रम्माकडे पाहिलं. ती तरी एक शब्द बोलेल, अशी आशा होती.

“आठ दिवस तुला ठावं होतं?” सावित्रम्मानं विचारलं.

“व्हय, अक्का.”

“आठ दिवस मी शिव्या खाल्ल्या. रोज माझ्याशेजारी बसून जेवलीस की तू.”

एवढं बोलून तिनं पाठ फिरवली आणि तुटलेला धागा बांधायला घेतला.