आम्ही म्हणजे कोण गं?

निल्दाच्या खोलीत आरसा एकच होता, तळहाताएवढा. त्यात एका वेळी एकतर डोळे दिसायचे नाहीतर तोंड. मुलाखतीची तयारी आरशासमोर करा, असं प्रोफेंनी, म्हणजे क्लासच्या मास्तरांनी, बजावलं होतं. म्हणून रोज संध्याकाळी ती बटाटे उकडत ठेवायची आणि आरशातल्या दोन डोळ्यांना सांगायची, "नमस्कार. मी निल्दा कोराहुआ, पुकाकोचा गावची. मी माझ्या गावाची शेती थंडीपासून वाचवली."

डोळे काही बोलायचे नाहीत. मग ती तेच बटाट्यांना सांगायची. बटाटे निदान बुडबुडे तरी काढायचे.

पेरूच्या डोंगरातल्या आमच्या आंदाहुआयलास शहरात अशा खोल्या पुष्कळ आहेत. वरच्या गावांतली मुलं शाळेसाठी खाली येतात, टायरवाल्याच्या मागे नाहीतर कोंबडीवाल्याच्या माडीवर एक खोली घेतात आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी स्वतःची चूल मांडतात. आई शनिवारच्या गाडीनं पोतं पाठवते. बटाटे, चीज, भाजलेला मका. पोत्यात सगळं असतं, फक्त समोर बसून खाणारं माणूस तेवढं नसतं. निल्दानं अशी पाच वर्षं काढली होती. शाळा डिसेंबरात संपली, बरोबरची मुलं गावी गेली आणि ती एकटी मागे राहिली, कारण फेब्रुवारीत मुलाखत होती.

लिमातल्या एका मोठ्या विद्यापीठाची गुणवत्ता शिष्यवृत्ती होती ती. पाच वर्षांची फी, राहणं, जेवण, सगळं. आमच्या भागासाठी जागा तीन, आणि लेखी परीक्षेनंतर उरलेली मुलं अकरा. निल्दाला कृषी अभियंता व्हायचं होतं. ही शिष्यवृत्ती हुकली तर दुसरी वाट नव्हती. पोतं उचलायचं आणि वर जायचं.

प्रोफे एफ्राइन बारिएन्तोस अशा मुलांना तयार करायचे. त्यांचा क्लास चौकातल्या फार्मसीच्या वर होता आणि बाहेर भलंमोठं बॅनर लावलेलं असायचं, पूर्वी निवडल्या गेलेल्या मुलांचे चेहरे असलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी निल्दाला बोलतं केलं. ती दोन मिनिटं बोलली आणि तेवढ्यात प्रोफेंनी टेबलावर सतरा वेळा पेन आपटलं.

"सतरा वेळा नोसोत्रोस म्हणालीस," ते म्हणाले. "आम्ही थर्मामीटर लावला, आम्ही घंटा वाजवली, आम्ही धूर केला. बरं, लिमाला जाणार कोण? सगळं गाव? मग बस आत्ताच ठरवून टाकू, मेंढ्यांसकट."

निल्दा हसली. प्रोफे हसले नाहीत. वीस वर्षांपूर्वी ते स्वतः अशाच एका मुलाखतीला लिमाला गेले होते. तिथे समोरच्या बाईंनी विचारलं होतं, आम्ही आम्ही ठीक आहे, पण तुम्ही काय केलंत? त्यांना उत्तर सुचलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये ते वीस तास उत्तर शोधत बसले होते. तेव्हापासून त्यांच्या क्लासात 'नोसोत्रोस' या शब्दाला बंदी होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या केचुआ भाषेत आपण वेगळं आणि आम्ही वेगळं. ऐकणारा आपल्यातला असेल तर आपण, बाहेरचा असेल तर आम्ही. तान्हं मूलसुद्धा चुकत नाही. स्पॅनिशला हा फरक ठाऊक नाही. आत कोण, बाहेर कोण, सगळ्यांना मिळून एकच नोसोत्रोस. प्रोफेंनी तोही काढून टाकला, तेव्हा उरला नुसता मी.

हे आम्ही म्हणजे कोण होते, तेही ऐका. पुकाकोचात एलादा पडते, म्हणजे स्वच्छ आभाळाच्या रात्री थंडी अशी उतरते की काल हिरवी असलेली बटाट्याची पानं सकाळी काळी होतात, उकळत्या पाण्यात बुडवल्यासारखी. निल्दा सुट्टीत गावी असायची. तिनं शाळेच्या मास्तरांकडून थर्मामीटर आणला. तिच्या काकाची मुलगी देल्फिना हिचं घर शेताला लागून, म्हणून थर्मामीटर तिच्या कुंपणाच्या खांबाला ठोकला. तीन वाजता उठून तो वाचायची देल्फिना. पारा दोन अंशावर आला की ती शाळेची घंटा वाजवायची आणि गाव उठून ओल्या पेंढ्याचा धूर करायचं. सकाळी देल्फिनाच्या कागदावरचे आकडे निल्दा वहीत उतरवायची, आलेख काढायची. निल्दा खाली शाळेत असली की कागद शनिवारच्या गाडीनं यायचे, पोत्यात, चीजला चिकटलेले. दोन पावसाळे असे गेले. मग देल्फिनाची आई पडली, पाय मोडला, आणि माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षातच देल्फिनाची शाळा सुटली. विज्ञान मेळाव्याला निल्दा एकटी गेली. प्रमाणपत्रावर नावही एकटीचं आलं. तेव्हा ते कुणालाच खटकलं नाही, कारण नियमच तसा होता, शाळेत नाव असेल त्याचंच नाव.

आठवडाभरात पेन आपटणं सतरावरून पाचवर आलं, मग दोनवर. एका दुपारी पेन एकदाही वाजलं नाही. "झाली तयार," प्रोफे म्हणाले आणि निल्दाला चक्क चॉकलेट दिलं. ती खोलीवर आली, एकटीनं चॉकलेट खाल्लं. अर्धं कुणाला द्यायचं, हा प्रश्नच नव्हता.

देल्फिनाशी बोलणं व्हायचं गुरुवारी आणि रविवारी, दुपारी चारला. पुकाकोचात फोन लागत नाही. टेकडीवरच्या क्रुसापर्यंत चढावं लागतं. देल्फिना मेंढ्या घेऊनच चढायची, म्हणून फोनमध्ये आधी मेंढ्या बोलायच्या आणि मग ती.

त्या रविवारी तिनं विचारलं, "काय काय सांगणार गं त्या लिमावाल्यांना? म्हणून दाखव की."

निल्दानं म्हणून दाखवलं. केचुआत. तीन आठवडे जे लिमावाल्यांसाठी घोटलं होतं तेच जसंच्या तसं आपल्या भाषेत आणलं, आणि देल्फिनासमोर मी म्हणायला जीभ वळेना म्हणून म्हणाली, "आम्ही खांबाला थर्मामीटर लावला. आम्ही रोज तीनला उठायचो."

मेंढ्या ओरडत राहिल्या. त्यांच्या आवाजातून देल्फिनानं विचारलं,

"आम्ही म्हणजे कोण गं?"

निल्दाच्या लक्षात आलं तेव्हा शब्द टेकडीवर पोचला होता. जी उठायची तिलाच तिनं बाहेरची ठरवलं होतं. ती घाईनं म्हणाली, आपण गं, आपण, चुकून गेलं. देल्फिना म्हणाली, असू दे, पाऊस येतोय, मेंढ्या उतरवते.

गुरुवारी फोन लागला नाही. पुढच्या रविवारीही नाही. निल्दा चार वाजल्यापासून सहापर्यंत फोन मांडीवर घेऊन बसली. खाली टायरवाल्यानं रेडिओ लावला होता. आईला सांगावं तर काय सांगणार, एका शब्दावरून भांडण झालं? भांडणही झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं, दोघी तरी असतात त्यात.

मुलाखतीच्या आदल्या सकाळी ती दोन्या सातुकाच्या, म्हणजे सातुकाबाईच्या, हातगाडीपाशी थांबली. सातुका फार्मसीच्या दारात सातू, जवस आणि पाल्यांचा गरम काढा विकते, एमोलिएन्ते. क्लासची सगळी पोरं तिथेच उभी राहून पितात, आणि वरच्या खिडकीतून प्रोफेंचं पेनही ऐकू येतं, त्यामुळे कोण किती तयार झालं हे सातुकाला प्रोफेंच्या आधी कळतं.

"काय गं पोरी, चेहरा असा काय? मुलाखत आहे का मयत?"

निल्दानं सगळं सांगितलं. सातुका पेले विसळत ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, उद्या काय म्हणणार आहेस?

"आम्हीच म्हणते, मामिता. प्रोफे रागावले तर रागावले. मी म्हणणं खोटं आहे."

"आणि आम्ही म्हणणं खरं आहे?" सातुका म्हणाली. "त्या तीन साहेबांना आम्हीतून काय दिसणार? धूर. त्या धुरात तुझी बहीण पण हरवली आणि तू पण. तुझा मास्तर काही अगदीच खुळा नाही हं. आता हेच बघ. काढा मी करते. मी म्हणायला लाजत नाही, पहाटे उठून मीच उकळते. पण जवस तालावेरा गावच्या फेलिसाचं असतं. कुणी चव छान म्हणालं की मी सांगते, जवस फेलिसाचं आहे. माझं काय कमी होतं? लोक मलाच काढा मागतात, फेलिसाला नाही." तिनं पेला पुढे केला. "जे तू केलंस तिथे मी म्हण, ताठ मानेनं. जे तिनं केलं तिथे तिचं नाव घे. नाव आहे ना तिला?"

"देल्फिना."

"मग झालं तर."

मुलाखत नगरपालिकेच्या सभागृहात होती. लांब टेबलापलीकडे दोन बायका आणि एक अभियंते, समोर एक खुर्ची. खुर्ची इतकी दूर ठेवली होती की निल्दाला वाटलं आपण दुसऱ्या खोलीत बसलोय. तिनं सुरुवात केली, आणि तीन आठवड्यांची सवय जिभेवर बसलेली, त्यामुळे मी मी करतच वाक्यं निघाली. मी लावला, मी वाचला. थांबवायचं कुठे तेच सापडेना. बायका मान डोलवत होत्या. सगळं छान चाललं होतं आणि तिला रडू येत होतं.

अभियंत्यांनी तिची वही उघडली. बोटानं आकडे खाली खाली वाचत गेले.

"पारा दोनवर आला की घंटा, असा तुझा नियम. पण इथे एक अंश आहे आणि घंटा नाही. इथेही. अशा चार रात्री आहेत. का नाही वाजवलीस?"

निल्दानं वहीकडे पाहिलं. अक्षर तिचं होतं. आलेखावर ते चार ठिपके तिनंच काढले होते, निळ्या शाईनं. दोन वर्षांत तिनं हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

झोप लागली होती म्हणावं. घंटेची दोरी तुटली होती म्हणावं. कुणाला कळणार होतं?

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी तिथे नव्हते. मी वाचला म्हणाले ते खोटं होतं. रोज तीनला उठून थर्मामीटर वाचायची ती माझी चुलत बहीण, देल्फिना कोराहुआ. घंटा वाजवायची की नाही तेही तीच ठरवायची. मी झोपलेली असायचे. वही माझी, आलेख माझे, थर्मामीटर मागून आणला मी. त्या चार रात्रींचं तिला ठाऊक आहे."

कुणीतरी पाणी प्यायलं. अभियंते म्हणाले, "मग तिला विचार आणि कळव. मला खरंच जाणून घ्यायचंय." पुढचा प्रश्न नव्हता.

प्रोफे जिन्यात उभे होते. तिनं सांगितल्यावर त्यांनी डोकं धरलं आणि फक्त एवढंच म्हणाले की खोटं बोलले असं मुलाखतीत स्वतःहून सांगणारं पोर त्यांनी आजवर पाहिलं नाही. निल्दा खोलीवर गेलीच नाही. तशीच पांढऱ्या सदऱ्यात दुपारच्या गाडीत बसली.

देल्फिना शेतात बटाट्याला माती चढवत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा कुदळ चालू केली. निल्दानं बूट काढले, सरीच्या दुसऱ्या टोकाला पडलेली कुदळ घेतली. सरीच्या मध्यावर दोघी समोरासमोर आल्या.

"एक अंश होता आणि तू घंटा वाजवली नाहीस," निल्दा म्हणाली. "चारदा. का?"

देल्फिनानं कपाळ पुसलं. "दोन वर्षांनी विचारतेयस."

"हो."

"ढग आले होते. ढग आले की एलादा बसत नाही, पारा आपोआप वर चढतो. मी खांबापाशी उभी राहून चढेपर्यंत बघायचे. दमलेल्या लोकांना उगाच कशाला उठवायचं?"

"थंडीत? एकटीच?"

"मग कोण येणार? तू खाली."

निल्दानं खांबाकडे पाहिलं. तिला वाटत होतं एकटेपणा आपल्या खोलीत आहे, आरशासमोर, बटाट्यांच्या पातेल्यापाशी. तो इथे या खांबापाशीही उभा होता, तिच्याच थर्मामीटरखाली, आणि तिनं त्याचे आकडे तेवढे उतरवून घेतले होते.

"तुझं नाव सांगितलं मी तिथे," ती म्हणाली.

"शिष्यवृत्ती गेली का मग?"

"माहीत नाही."

"येडी आहेस," देल्फिना म्हणाली, आणि पुढच्या सरीकडे वळताना म्हणाली, "चल, उजेड आहे तोवर आपण ही एवढी उरकू."

ती आपण म्हणाली. निल्दानं ऐकलं.

निकाल बारा दिवसांनी लागला. निल्दा तिसरी आली, म्हणजे अगदी कडेला, पण आत. प्रोफेंनी रिवाजाप्रमाणे नवं बॅनर लावलं. निल्दाचा फोटो, खाली लाल अक्षरांत नाव. सातुकाला वाचता येत नाही. तिनं खिडकीकडे बघून ओरडून विचारलं, मास्तर, नावाच्या खाली आणखी काय लिहिलंय, पूर्वी नसायचं ते? प्रोफे खाली आले, काढ्याचा पेला हातात घेतला आणि त्यांनी ते वाचून दाखवलं: "तापमानाची नोंद आणि ढगांची पारख: देल्फिना कोराहुआ, पुकाकोचा." मग कुणी विचारलं नसताना म्हणाले, त्या लिमाच्या बाईंना मीही माझ्या भावाचं नाव सांगायला हवं होतं.

बॅनरवर नाव आलं म्हणून देल्फिनाची शाळा पुन्हा सुरू झाली नाही, हेही लिहायला हवं. आईचा पाय अजून दुखतो. देल्फिना अजून तीनला उठते. अभियंत्यांना ढगांचं उत्तर निल्दानं पाठवलं, खाली देल्फिनाच्या नावानं, आणि त्यांचं पत्र देल्फिनाच्या नावानं आलं. ते तिनं खांबापाशी उभं राहून वाचलं म्हणतात.

मित्रांनो, मी म्हणायला कुणी लाजू नये. पण आपल्यातला जो कुणी आज खुर्चीवर बसून स्वतःबद्दल बोलतोय, त्यानं एकदा आठवावं, मी झोपलो होतो तेव्हा जागं कोण होतं? आणि मग आम्ही म्हणून मोकळं होऊ नये. नाव घ्यावं. पूर्ण नाव, गावासकट.

लिमात निल्दाच्या खोलीला मोठा आरसा आहे. त्यात सगळी निल्दा दिसते, एकटीच. रविवारी चार वाजता ती त्याच्याकडे पाठ करून बसते आणि फोनमध्ये आधी मेंढ्या बोलतात.