पाणसळीतला बुडबुडा

मी बुडबुडा बोलतोय. हसू नका. साबणाच्या पाण्यातला नव्हे, तो बिचारा जन्मला नाही तोच फुटतो. सुतार ज्या पट्टीला पाणसळ किंवा लेव्हल म्हणतात, तिच्या काचेच्या नळीत मी राहतो.

कारखान्यातल्या एका बाईने नळीत हिरवट स्पिरिट ओतलं आणि काठोकाठ भरायच्या आधीच हात थांबवला. जी जागा उरली, ती म्हणजे मी. जमीन सगळ्यांनाच खाली ओढते. स्पिरिट जड, म्हणून ते खाली धावतं आणि मला वर ढकलतं. नळीला मधोमध जरासा फुगवटा आहे, त्यामुळे पट्टी सपाट असली की मी बरोबर दोन रेघांच्या मध्ये. एक टोक उचललं की मी निघालो तिकडे. एवढंच माझं शिक्षण, पण त्याच्या जिवावर कपाटं सरळ उभी राहतात आणि कपडे धुण्याची मशीन घरभर नाचत नाही.

माणसांचं मला भारी कुतूहल. मला बघताना ही मंडळी श्वास का रोखून धरतात, ते अजून कळलेलं नाही. जणू त्यांच्या फुंकरीने मी पळून जाणार आहे!

माझा मालक फळ्या आणि कपाटं करणारा सुतार. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. फळी अरुंद असते, म्हणून तो मला नेहमी तिच्या लांबीवर ठेवतो. आडवं ठेवायची त्याला सवयच नाही.

मिस्त्रीची आई पडली, कंबरेचं हाड मोडलं आणि ती चाकाच्या खुर्चीत आली. आयुष्यभर शिलाई मशीन चालवलेली बाई, हात अजून खणखणीत. तिला एकच हवं होतं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मैत्रिणीकडे कुणाला "जरा ढकल रे" न म्हणता जायचं. मिस्त्रीने पायऱ्यांवर लाकडी उतार बांधला. चांगला लांबलचक, कारण उंची तेवढीच असली तरी लांबून चढलं की जोर कमी लागतो. वर दारापुढे खुर्ची थांबवायला सपाट जागा ठेवली. त्या सपाट जागेवर, दारातून बाहेर जाणाऱ्या फळ्यांच्या लांबीवर मला टेकवलं. मी मधोमध. गडी खूश.

पण आई बाहेर आली की खुर्ची डावीकडे, गटाराच्या बाजूला वळायची.

"अरे, ही ओढते रे मला."

मिस्त्रीने मला पुन्हा लांबीवर ठेवलं. "हे बघ, बुडबुडा मधोमध आहे. तूच उजव्या हाताने जास्त जोर लावतेस, आई. वय झालं आता."

मी आतून तडफडत होतो. अरे शहाण्या, एकदा मला आडवा तर धर! पण मला कुठलं तोंड? जसं ठेवाल तसं उत्तर देणं, एवढंच माझ्या हातात. आणि आईला ते खरं वाटलं, याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. ती आपलाच डावा हात चोळत बसायला लागली. बाहेर जायचं नावच काढेना. मैत्रिणीचा निरोप आला की म्हणायची, "आता मला नाही झेपत म्हणावं."

शेवटी मिस्त्री म्हणाला, "वापर नाही, तर फळ्या काढून घेतो. एका कपाटाला होतील."

काढायच्या दिवशी आई त्या सपाट जागेवर ऊन खात बसली होती. तेवढ्यात आतून सुनेने हाक मारली. "धर गं जरा," म्हणून मिस्त्रीने मला आईच्या हातात दिलं आणि आत गेला. तिने मला खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवं टेकवलं. मी सुसाट उजवीकडे, पार टोकाला जाऊन बसलो.

आई बघतच राहिली. मिस्त्री बाहेर आला तेव्हा शांतपणे म्हणाली, "का रे, याचंही वय झालं का?"

तो खाली वाकला. मला उचलून फळ्यांवर आडवं ठेवलं. मी पुन्हा उजवीकडे. बाहेरची फरशी मुळातच गटाराकडे उतरती होती आणि याने फळ्यांखालचे दोन्ही बाजूंचे खांब सारख्याच उंचीचे कापले होते. लाजेने त्याचे कान लाल झाले.

"चुकलं माझं, आई."

"ते राहू दे. डावी बाजू उचल आधी."

डाव्या खांबांखाली पाचरी ठोकताना तो दर वेळी मला आडवं ठेवून बघत होता. मी मध्ये आलो आणि आईने चाकांना हात घातला. खुर्ची सरळ निघाली. मिस्त्री हात पुढे करून मागोमाग धावला.

"तू थांब तिथेच," ती मागे न बघता म्हणाली.

मी आता म्हातारा झालोय, नळीवर ओरखडे आहेत, तरी अजून कामावर आहे. एक विनंती करतो. कुणी म्हणालं की मला काहीतरी ओढतंय, तर त्याच्या हाताला नावं ठेवण्याआधी मला दुसऱ्या बाजूनेही ठेवून बघा.

येतो आता. मिस्त्री मला शोधतोय. आणि त्याची आई दुपारपासून घरात नाहीये.