माझ्या पोटात तिखट भरलं

मी मेयोनेझची बरणी बोलतेय. काचेची, निळ्या झाकणाची. आधीच सांगते, माझं डोकं फिरलंय. गोड बोलणं जमायचं नाही.

उरोमी गावच्या बाजारात याम नावाचे कंद विकणाऱ्या ओमोयेनं मला घरी आणलं. एकदा झाकण अडकलं, तेव्हा तिनं सुरी घालून ते उघडलं. त्याचा पोचा अजून झाकणावर आहे.

पुढे तिच्या डाव्या स्तनात गाठ आली. ऑपरेशनला येताना स्वच्छ बरणी आणा, असं दवाखान्यानं सांगितलं. आमच्याकडे पद्धतच तशी. तिनं मला उकळत्या पाण्यानं धुतलं नि घेऊन गेली.

डॉक्टरांनी गाठ काढली, ती टिकवणाऱ्या फॉर्मलिनच्या पाण्यासकट माझ्यात घातली आणि मला तिच्या नवऱ्याच्या, एहिझेलेच्या, हातात दिलं. "बेनिन शहरातल्या लॅबमध्ये पोचवा." बस, एवढंच! का पोचवायची, हे सांगायला तोंड दुखत होतं का? आत नर्स आपापसांत बोलत होत्या, की बहुतेक गाठी साध्या निघतात, पण कुठली कॅन्सरची, हे तपासल्याशिवाय डॉक्टरांनाही कळत नाही. ते मी ऐकलं. एहिझेलेला कुणी सांगितलं?

तो घरी कपडे बदलायला आला. त्याची आई अंगणातच होती.

"हे काय आणलंस?"

"ओमोयेची गाठ. लॅबमध्ये द्यायचीय."

"अंगाचा तुकडा परक्यांच्या हाती देतोस? कुणी करणी केली म्हणजे? आणि गाठ निघाली ना? मग आता काय तपासायचं राहिलं, तुझं डोकं?"

त्यालाही ते पटलं. पटायला सोपंच होतं, बेनिनची खेप वाचत होती. केळीखाली खड्डा खणून त्यांनी गाठ पुरली. म्हातारीनं मला राखेनं घासलं, तिखट भरलं आणि आपल्या खोपटातल्या फळीवर ठेवलं. दवाखान्यात जाऊन एहिझेले बायकोला म्हणाला, "लॅबवाले म्हणतात, काळजीचं काही नाही." खोटारडा! ती बिचारी आनंदानं रडली.

परवा सासू तापानं झोपली, म्हणून ओमोये तिच्या चुलीपाशी आली. एहिझेले आईच्या खाटेपाशी उभा होता. तिखटासाठी मला उचललं आणि तिचं बोट पोच्यावर थांबलं.

"अहो, ही बरणी तर लॅबमध्ये दिली होती ना?"

"बरण्या काय, सगळ्या सारख्याच."

"पोचासुद्धा?"

खाटेवरून सासू पुटपुटली, "अगं, आपल्या माणसाचं आपल्याच मातीत ठेवलं..."

ओमोयेनं सगळं तिखट त्याच्या पायांपाशी ओतलं. "माझ्या काखेत गाठ आलीय. महिना झाला. तुम्ही म्हणालात काळजीचं काही नाही, म्हणून मी गप्प बसले."

आज मी दवाखान्याच्या बाकावर तिच्या मांडीवर आहे, धुतलेली, रिकामी. शेजारी एहिझेले बसलाय. त्यानं मला घ्यायला हात पुढे केला.

"हात लावू नका," ती म्हणाली. "या खेपेला बेनिनला मी नेणार."

उशीर झालाय का, मला ठाऊक नाही. तुमच्या घरात अशी एखादी बरणी आली, तर तिला आधी लॅबमध्ये पोचवा. तिखट ठेवायला दुसरी मिळेल.