तुरीच्या भुशाची भानामती

"पेटलं! बघा, आपोआप पेटलं!"

ओरडणाऱ्याचा आवाज विरायच्या आत दुसऱ्या पोत्यातून धूर निघाला. एरंडगावच्या रेशन गोदामापुढं भर दुपारी सारा गाव लोटला होता. कर्नाटकातलं, खजुरीच्या शिवारापलीकडचं, महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेलं हे गाव. तरणी पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला इमारतींच्या कामावर गेलेली, तूर काढायला माणूस मिळत नव्हता. पण कुणाला मारायचं म्हटलं की आपल्याकडं माणसं कधी कमी पडत नाहीत.

गोदामाच्या दारात मांत्रिक गुंडप्पा उभा होता. कपाळभर भस्म, गळ्यात कवड्यांची माळ, काखेत झोळी आणि हातात लोहाराची लांब दांड्याची पकड.

"भानामती हाय ही, भानामती!" तो छाती पिटत होता. "आज पोती पेटायलीत, उद्या तुमची घरं पेटतील, परवा लेकरांच्या आंगावरची कापडं पेटतील! करणीवालीचा मंतर तिच्या दातात असतोय. दात गेले की मंतर फुसका! व्हय म्हणा, न्हाईतर मी हा निघालो. माझं काय, मला चार गावांतनं बोलावणं हाय."

"व्हय! व्हय! काढा दात!"

या सीमेवरच्या मुलखात भानामतीवर हाच इलाज चालत आलेला. जिच्यावर संशय, तिचे दात उपटायचे. म्हणे दात नसले की मंत्राचे शब्द नीट उमटत नाहीत. मग बोळक्या म्हाताऱ्यांनी केलेला जप देवाला कसा कळतो, हे मात्र कुणी विचारत नाही.

गोदामासमोरच्या लिंबाला बाणूबाई बांधलेली होती. साठीची धनगराची विधवा, चार शेळ्यांवर पोट भरणारी. मागच्या पंधरवड्यात रेशन दुकानदार भगवानरावाशी तिचं भांडण झालं होतं. "दर महिन्याला 'तांदूळ वरनंच आला न्हाई' म्हणतूस. आग लागो तुझ्या गोदामाला!" असं ती चारचौघांत म्हणाली होती. आणि गोदामाला खरंच आग लागली. गावाला एवढा पुरावा बस झाला. शेजारीण नागूबाईनं तिचे हात मागून लिंबाच्या बुंध्याभोवती ओढून धरले होते. गुंडप्पानं पुढचा एक दात आधीच उपटला होता. बाणूबाईची हनुवटी, गळा, चोळी रक्तानं भरली होती.

त्याच वेळी अन्न खात्याच्या दक्षता पथकाची जीप गोदामापाशी येऊन थांबली. आतून इन्स्पेक्टर रेणू उतरली. लिंबाला कोण बांधलंय, हे तिनं एका नजरेत ओळखलं.

रेणूचं काम सरकारी धान्याच्या चोऱ्या हुडकायचं. ती याच सीमाभागातल्या ठाणाकुशनूरकडची, त्यामुळं या भागात खबरी मिळवणं तिला जड जात नसे. एरंडगावातली तिची खबरी होती बाणूबाई. सडकेच्या कडेला शेळ्या चारताना तिनं भगवानरावाचा टेंपो पहाटे हद्दीपलीकडं जाताना बघितला होता. रेशनचा तांदूळ महाराष्ट्रात विकला जातोय, हे रेणूला पहिल्यांदा सांगितलं ते तिनंच. "अक्का, तुमचं नाव बाहेर जाणार न्हाई," असा शब्द रेणूनं दिला होता. गोदामाची झडती आज ठरली होती. ऑफिसातल्या कुठल्या भिंतीला कान फुटले देव जाणे. पण भगवानरावाला झडतीची आणि खबरीच्या नावाची कुणकुण लागली आणि आठवड्यापासून एरंडगावात भानामती सुरू झाली! साक्षीदाराचं तोंड बंद करायचं आणि चोरलेला माल जळाला म्हणून दाखवायचं, दोन्ही कामं एका आगीत.

"हणमंतप्पा," ती ड्रायव्हरला म्हणाली, "तसाच मागं फिर. पोलीस घेऊनच ये."

"म्याडम, तुमी एकट्याच?"

"जा म्हणते ना!"

जीप वळली तसा एक धोंडा येऊन मागची काच फुटली. तोवर भगवानराव हात जोडत पुढं आला. पांढरंशुभ्र धोतर, डोळ्यांत पाणी. "लई बरं झालं म्याडम, येळेवर आलात. माझा सत्यानाश झाला बघा. तेवढा पंचनामा करून टाका. सगळा तांदूळ जळाला म्हणून लिहा."

"आधी त्या बाईला सोडा."

"ते माझ्या हातात न्हाई म्याडम. गाव खवळलंय."

एवढ्यात बाणूबाईची किंकाळी उठली. गुंडप्पानं दुसरा दातही उपटून काढला होता. रेणूच्या डोक्यात काहीतरी तडकलं. ती गर्दीत घुसली. कुणीतरी तिचे केस ओढले, कुणाचं तरी कोपर बरगडीत बसलं. ती गुंडप्पावर आदळली आणि दोन्ही हातांनी त्याची पकड धरली. तो हिसडा देऊ लागला तेव्हा तिनं सरळ त्याच्या मनगटाला चावा घेतला. पकड खाली पडली. रेणूनं ती उचलली आणि बाणूबाईला पाठीशी घालून उभी राहिली.

"ही बी तसलीच हाय! हाणा हिला!"

एक काठी तिच्या खांद्यावर बसली, दुसरी कानावर. कानातून गरम रक्त मानेवर उतरलं. ती भ्याली होती, पण हलली नाही.

"मारा!" ती ओरडली. "पोलीस निघालेत. मला मारलं तर गावातला एक बी माणूस घरी झोपणार न्हाई, हे ध्यानात ठेवा. न्हाईतर पोलीस येईपर्यंत माझं ऐका. भानामती असली तर मी स्वतः बाजूला हुईन."

गर्दी थबकली. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो?

"नागूअक्का," रेणू वळून म्हणाली, "चुलीवर भात करपला तर वास कुठवर जातोय?"

"गल्लीभर जातोय की," नागूबाई हात न सोडता म्हणाली.

"मग आठवडाभर हितं तांदळाची पोतीच्या पोती जळायलीत. करपल्या भाताचा वास आला का कुणाला?"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. वास आला होता तो गोणपाटाचा आणि पाचोळ्याचा. रेणूनं पकडीनं जळक्या पोत्यांचा ढीग उकरला. भुरभुर राख उडाली. "तांदूळ जळाला तर काळे दाणे उरतात, आतला तांदूळ पांढरा ऱ्हातोय. हितं एक दाणा दाखवा मला."

ती गोदामात शिरली आणि थप्पीतलं मागचं एक पोतं एका हातानं ओढत बाहेर घेऊन आली. तेवढ्यानंच पुढची काही माणसं चपापली. तांदळाचं भरलं पोतं उचलायला दोन हमाल लागतात, हे कुणाला ठाऊक नव्हतं? धान्याचा नमुना काढायची टोकदार पोकळ सळई तिच्या खांद्यावरच्या पिशवीत असायची. ती तिनं पोत्यात खुपसली. सळईतून तपकिरी भुसा भुरुभुरु खाली पडला. तुरीचा भुसा! दुसऱ्या पोत्यातही तोच, तिसऱ्यातही तोच. पुढची एक रांग तेवढी तांदळाची, मागं सगळा डाळमिलवरचा भुसा.

गुंडप्पा काही लेचापेचा नव्हता. त्यानं दोन्ही हात आभाळाकडं नेले. "बघितलं? काय ताकद म्हणावी हिची! तांदळाचा भुसा करून टाकली!"

"तुरीचाच कसा केली?" रेणू म्हणाली. "ती काय मंतरानं डाळमिल चालवायली का?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. जमावाच्या कानांवर पडलेलं हे त्या दुपारचं पहिलं हसू. पण काठीवाला एक गडी पुढं आला. "भुसा असू द्या म्याडम. आग कशी लागली ते सांगा. आमी डोळ्यांनी बघितलंय, कुणी काडी वडली न्हाई."

खरी अडचण इथंच होती. रेणूची नजर गुंडप्पाच्या हातांवर गेली. बोटांवर तपकिरी डाग होते, हळदीचे नव्हेत, कुंकवाचेही नव्हेत. असले डाग तिनं आरोग्य खात्याच्या माणसांच्या हातांवर बघितले होते. पटकीच्या साथीत विहिरीत जांभळं औषध टाकणाऱ्यांची बोटं अशीच होतात.

"आग लागायच्या आधी ह्यानं पोत्यांना काय केलं?"

"काय करणार? बंदोबस्त," नागूबाई म्हणाली. "सकाळी अंगारा टाकतोय, दुपारी तीर्थ शिंपडतोय."

"आणि आग कवा लागती?"

"तीर्थ शिंपडल्यावर..." नागूबाई बोलता बोलता थांबली.

रेणूनं झोळीला हात घातला. गुंडप्पानं तिच्या पोटात लाथ मारली. ती कोलमडली, पण झोळीचा बंद तिनं सोडला नाही. बंद तुटला आणि आतलं सगळं मातीत सांडलं. अंगाऱ्याची पुडी, काकडीएवढी बाटली, कवड्या, विडीचं बंडल. अंगाऱ्यात जांभळे खडे चमकत होते. बाटलीतलं तीर्थ पाकासारखं घट्ट होतं.

तिनं एका रिकाम्या पोत्यावर मूठभर अंगारा टाकला, वर तीर्थ ओतलं आणि मागं सरली.

काहीच झालं नाही.

"बघा, बघा!" गुंडप्पा खदखदून हसला. "अरे, माझं तीर्थ शांतीचं! हिच्या हातानं काय हुणार?"

काठ्या पुन्हा वर झाल्या. कुणीतरी बाणूबाईच्या केसांना धरून तिची मान मागं ओढली. आपण दिलेला शब्द या म्हातारीच्या जिवावर उठला, एवढंच रेणूच्या मनात येत राहिलं. मग पोत्यावरून धुराची बारीक रेघ वर चढली. सुर्र आवाज झाला आणि जांभळट जाळ उठला. पोतं पेटलं. कुणी काडी ओढली नव्हती, आणि मंत्रही म्हटला नव्हता.

"दोन औषधं," रेणू धापा टाकत म्हणाली. "विहिरीत टाकायचं जांभळं औषध आणि हे ग्लिसरीन, एकत्र आली की थोड्या वेळानं पेट घेतात. तेवढ्यात हा लांब जाऊन उभा ऱ्हातोय. भगवानरावानं तांदूळ विकला, त्या जागी भुसा भरला आणि भुसा जाळायला ह्याला आणलं. भानामती म्हणजे एवढंच."

भगवानराव धोतराचा सोगा वर धरून पळत सुटला होता. पोरांनी त्याला उकिरड्यापाशी गाठलं आणि फरफटत आणलं. गावानं चूक ओळखली म्हणावं, तर छे! तीच गर्दी, त्याच काठ्या, फक्त तोंड बदललं. बाणूबाईची दोरी सोडून नागूबाईच सगळ्यांच्या आधी धावली आणि तिनं गुंडप्पाचे हात पाठीमागं पिरगाळले.

"काढा भाड्याचे दात! एक बी ठेवू नका!"

रेणूच्या हातातली पकड कुणीतरी हिसकावून घेतली. क्षणभर तिला वाटलं, काढू देत. खरंच वाटलं. तिच्या कानातून अजून रक्त येत होतं. तरी ती पुन्हा मधे घुसली आणि ज्यानं तिला लाथ मारली होती त्याच्यावर आडवी झाली. पाठीवर एक काठी बसली.

"नागू!"

बाणूबाई लिंबाला धरून उभी राहिली होती. फाटक्या हिरड्यांमुळं तिचे शब्द ओले येत होते.

"सोड त्याला."

"अगं, ह्यानं तुझे दात..."

"ह्यानं निस्तं इचारलं व्हतं, 'हिचे हात कोण धरतंय?' तू आलीस. तुझी लेकरं माझ्या शेळीच्या दुधावर वाढली नागू, आन् तूच आलीस." ती रक्त थुंकली. "त्या वक्ताला तुला येवढंच इचारायचं व्हतं, 'अण्णा, आग कशी लागली?' दुसरं काय बी न्हाई. म्याडम आत्ता इचारल्या, तसं. गावात येवढी माणसं, एकाला बी इचारावं वाटलं न्हाई? कामून?"

नागूबाईचे हात सुटले. ती तिथंच मातीत बसली. पकड धरलेल्या गड्यानं ती खाली टाकली आणि दुसरीकडं बघू लागला. हणमंतप्पा पोलीस घेऊन आला, तेव्हा सगळ्या काठ्या मातीत पडलेल्या होत्या.

पुढं भगवानराव आणि गुंडप्पावर खटला उभा राहिला. बाणूबाईनं भर कोर्टात साक्ष दिली. तिचे काही शब्द नीट उमटत नव्हते, तरी टेंपो, पहाट आणि भगवानराव हे सगळ्यांना नीट समजलं. गावात मात्र एक नवीनच टूम निघाली, रेणू म्याडमला भानामतीवरचा उतारा येतो म्हणे! हे ऐकून रेणू मुद्दाम एरंडगावला गेली आणि सगळ्यांना फैलावर घेतलं. "मला काय बी येत न्हाई. तुमाला नाक हाय, डोळे हायत, तोंड हाय. तेवढीच मला बी हायत."

म्हणून बाबांनो, उद्या तुमच्या गावात असाच कुणी कवड्या घालून आला, आपोआप आग लागली आणि तो म्हणाला, 'धरा हिचे हात', तर एक पाऊल मागं सरा आणि विचारा. आग कशी लागली? त्याआधी इथं कोण आलं होतं? हिचं तोंड बंद झालं तर कुणाचं भलं होतंय? लोक हसतील, हसू द्या. मांत्रिक शाप देईल, देऊ द्या. पण विचारायचं ते हात धरायच्या आधी विचारा. कारण भानामतीचं खरं-खोटं नंतर कधीही करता येतं. साठीतल्या बाईचे दात पुन्हा येत नाहीत.