जिना धुतला, टाकी आटली

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची टाकी आहे. अम्मान शहरातल्या एका टेकडीवर, तीन मजली घराच्या गच्चीवर उभी आहे. उभी म्हणजे काय, उभी केलेली आहे. माझ्या मनावर असतं तर मी केव्हाच आडवी झाले असते. पोटात पाणी घेऊन उन्हातान्हात उभं राहायचं म्हणजे काय, ते भरलेला हंडा दुपारभर कडेवर घेऊन बघा, म्हणजे कळेल. आणि दुपार संपली की हंडा खाली ठेवायचा नाही, बरं का!

मला कारो नावाच्या एका आर्मेनियन कारागिराने घडवलं. पत्रा ठोकून ठोकून वाकवला, सांध्यांना डाख दिला आणि मला उन्हात धरून आत कुठून उजेड दिसतो का ते पाहिलं. उजेड दिसला नाही तेव्हा स्वारी खूश झाली. मग घरमालक अबू वस्फीने आणि त्याच्या टॅक्सीवाल्या दोस्तांनी मला पाठीवर घेऊन जिना चढवला. शेवटच्या वळणावर मी अडकले. ना वर जाईना, ना खाली येईना. त्याची बायको उम्म वस्फी तेव्हा नवी नवरी होती. दारातून ती म्हणाली, "हिला वर नेता येत नसेल तर इथेच राहू दे. सवत म्हणून सांभाळीन!" दोस्त इतके हसले की हात सैल पडले आणि मी आपोआप सुटले.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यातून एक दिवस येतं. आमच्या गल्लीचा वार रविवार. त्या दिवशी सगळ्या गच्च्यांवर एकच खळखळ सुरू होते. घराघरांत कपडे, चादरी, पडदे धुवायला निघतात, पोरांना पकडून पकडून न्हाऊ घालतात. पाणी गेलं की पुढचा रविवार येईपर्यंत सगळा भार माझ्यासारख्यांवर.

उम्म वस्फीला पाण्याची किंमत कळत होती. ती रोज सकाळी वर यायची आणि बोटाच्या पेराने माझ्या अंगावर वरून खाली टकटक करत जायची. जिथे पोकळ आवाज संपून भरीव आवाज लागे, तिथवर पाणी. त्यावरून तिचा दिवस ठरायचा. भांडी परातीत घासायची, नळाखाली नाही. भाजी धुतलेलं पाणी तुपाच्या डब्यांत लावलेल्या पुदिन्याला. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी बादल्यांत भरून फरशीला. हाताला साबण लावताना कुणी नळ सोडून ठेवला की आतून हाक यायची, "कोण रे तो, दर्या वाहवतोय?" वस्फी आणि इब्तिहाल ही तिची दोन्ही मुलं त्या हाकेवर वाढली. थोरल्या वस्फीवरूनच आईला उम्म वस्फी, म्हणजे वस्फीची आई, आणि बापाला अबू वस्फी म्हणतात. वस्फी पुढे नोकरीसाठी अकबा बंदराला गेला. तिथे खराखुरा दर्या आहे, पण आईच्या हाकेच्या धाकाने तो तिथेही दात घासताना नळ बंद करतो म्हणे.

कधी कधी उम्म वस्फी माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणायची, "तू आहेस म्हणून माझं घर चालतंय गं." मित्रांनो, एवढ्या एका वाक्यावर मी किती तरी उन्हाळे काढले.

पण शरीर आहे, ते झिजतंच. माझ्या आत एक तरंगता गोळा होता. मी भरले की तो वर यायचा आणि पाणी आपोआप बंद व्हायचं. त्या गोळ्याला भोक पडलं. तो बुडायला लागला आणि रविवारी मी भरून वाहायला लागले. मीटर फिरतंय, पाणी गल्लीत पडतंय. खालून जाणारी माणसं ओरडायची, "उम्म वस्फी, अंघोळ आम्ही घरी करून आलोय!" भरीस भर म्हणून संडासाची टाकीही गळू लागली. रात्रंदिवस तिची बारीक धार चालू. रविवारी वरून सांडायचं आणि उरलेला आठवडाभर खालून झिरपायचं, अशी माझी गत झाली.

अबू वस्फी रोज म्हणायचा, "उद्या करतो."

"अहो, तो तुमचा उद्या एकदा दाखवा तरी," उम्म वस्फी म्हणायची. "कसा दिसतो ते मीही बघीन."

मग त्याने गोळ्याला सुतळी बांधली आणि काम झालं असं जाहीर केलं.

अशातच इब्तिहालला मागणी आली. मुलगा चांगला होता, शाळेत शिकवायचा. आमच्याकडे मुलाकडची वडीलधारी पुरुषमंडळी मिळून मुलीच्या घरी येतात. तिला जाहा म्हणतात. त्यांच्यापुढे कॉफी ठेवतात. त्यांच्यातला मोठा माणूस पेला समोर ठेवतो आणि हात लावत नाही. मुलीचा बाप "दिली" म्हणाला की मगच तो कॉफी पितो. थोडक्यात, सगळं त्या पेल्यावर येऊन ठेपतं. जाहा शुक्रवारी यायची होती, असरच्या नमाजानंतर, दुपार कलल्यावर.

शुक्रवारी सकाळी उम्म वस्फी वर आलीच नाही. घरात इतकी धावपळ होती की टकटक करायचं राहूनच गेलं. मी निम्म्याच्याही खाली गेले होते. ते कुणाला सांगणार? मला तोंड आहे, पण ते झाकणाने बंद असतं.

तेवढ्यात जिन्यात इब्तिहालचा आवाज ऐकू आला.

"यम्मा, वरपासून खालपर्यंत जिना धुवायचाय. त्यांच्यातले सगळ्यात मोठे हाज मिथकाल पांढऱ्या शुभ्र कपड्यांत येणार आणि पायऱ्यांवर मांजरांची पावलं!"

"मग बादली आण, फडकं आण."

"आजसुद्धा बादली? यम्मा, आज तरी! पलीकडच्या जुमानाची जाहा आली तेव्हा त्यांनी गल्लीच्या तोंडापर्यंत धुतलं होतं. सगळ्यांनी बघितलं."

उम्म वस्फीने वर गच्चीकडे पाहिलं. जन्मभर थेंब थेंब मोजणारी बाई ती. पण समोर लेक उभी होती.

"लाव पाईप," ती म्हणाली. "लेकीला मागणी काय दर रविवारी येते?"

आणि तिने स्वतः झाडू हातात घेतला. मायलेकी वरून पाणी सोडत खाली आल्या. पाणी पायरी पायरीने उतरलं, उंबरा ओलांडून गल्लीत गेलं, उभ्या गाड्यांच्या खालून वाट काढत टेकडी उतरून नाहीसं झालं. जिना आरशासारखा चमकला. दिसायला सुंदरच होतं हो! माझ्या पोटात मात्र खड्डा पडत गेला.

दुपारी उम्म वस्फीने कॉफीसाठी नळ उघडला. नळ खाकरला, एकदा थुंकला आणि गप्प झाला.

सगळे वर धावत आले. उम्म वस्फीने टकटक केली. वरून खालपर्यंत एकच पोकळ आवाज. तिने पुन्हा केली, जणू दुसऱ्या खेपेला मला दया येणार होती.

"टँकरवाल्याला विचारलं," अबू वस्फी कडक इस्त्रीच्या पँटमध्ये घामाघूम होऊन म्हणाला. "सूर्य मावळल्यावर येतो म्हणतोय."

"दुकानातून बाटल्या आणा."

"दुकानाला कुलूप. दुकानदार जाहातच आहे, नवऱ्यामुलाचा मामेभाऊ तो!" मग तो हळूच म्हणाला, "खालच्या मजल्यावरची सबीहा माहेरी गेलीय. तिची टाकी ही बघ, भरलेली. दोन बादल्या काढू, रविवारी परत टाकू."

"विचारल्याशिवाय? चोरीच्या पाण्याची कॉफी पाजून लेक देऊ?"

"मग काय पाजू? वारा?"

इतक्यात टेकडीखालून मोटारींचे भोंगे ऐकू आले. जाहा निघाली होती. आता गल्लीत रिकामं भांडं घेऊन उतरावं, तर समोरून नेमके पाहुणेच भेटायचे. इब्तिहाल माझ्या सावलीत मटकन खाली बसली. "माझ्या हौसेपायी झालं," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

मित्रांनो, टाकीचा नळ कधी अगदी तळाला नसतो. थोडा वर असतो, गाळ नळात जाऊ नये म्हणून. त्यामुळे टाकी आटली तरी तळाशी चार बोटं पाणी राहतं. तेवढंच माझ्यापाशी उरलं होतं. उम्म वस्फीला ते आठवलं. तिने बांगड्या काढून लेकीच्या हातात दिल्या, झाकण उघडलं आणि डाव घेऊन कमरेपर्यंत माझ्यात शिरली.

"यम्मा, पडशील!"

"पडले तर बुडणार तर नाही ना! पाय धर माझे घट्ट."

गाळ न ढवळता ती वरवरचं पाणी डावाडावाने काढत होती. तिचा श्वास माझ्या रिकाम्या पोटात घुमत होता. ज्या हातांनी सकाळी झाडूने पाणी गल्लीत लोटलं, तेच हात आता एकेक डाव जपून उचलत होते. पातेलं अर्धंमुर्धं भरलं. पांढऱ्या ओढणीची चौपदरी घडी करून तिने ते गाळलं, खळखळून उकळलं, पुन्हा गाळलं आणि मग त्यात कॉफी आणि वेलदोडे घातले.

रिकाम्या नळातून आवाज फार स्पष्ट येतो, त्यामुळे पुढचं सारं मी ऐकलं. मंडळी येऊन बसली. एका पाहुण्याला हातपाय धुवायचे होते. अबू वस्फी म्हणाला, "मशीद दोन पावलांवर आहे, तिथे धुतलेलं जास्त लाभतं." पाहुणा बिचारा गेला. हाज मिथकालांपुढे पेला आला. त्यांनी तो तसाच ठेवला, घराण्याची ओळख करून दिली, मुलाचे गुण सांगितले आणि मुलीचा हात मागितला.

"कॉफी घ्या, हाजी," अबू वस्फी म्हणाला. "तुम्ही मागितलंत, आम्ही दिली."

हाजींनी पेला तोंडाला लावला. स्वयंपाकघरात मायलेकींनी श्वास रोखला. मीसुद्धा रोखला असता, पण माझ्यात आता वाऱ्याशिवाय काही नव्हतंच.

पेला रिकामा झाला. पोट भरलं की तो हातात हलवून परत द्यायचा अशी आमच्याकडची रीत. हाजींनी हलवला नाही. पुढे केला. अबू वस्फीने पुन्हा ओतली. पुन्हा पुढे केला. झारीत गाळाशिवाय काही राहिलं नव्हतं.

"चव निराळीच आहे," हाजी म्हणाले. "काय घातलंय काय?"

"आमच्या वस्फीच्या आईने जीव घातलाय, हाजी," अबू वस्फी म्हणाला. झारी उलटी करून त्याने शेवटचे दोन घोट ओतले. हाजी ते प्यायले आणि एकदाचा त्यांनी पेला हलवला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अबू वस्फी बाजारातून नवा गोळा आणि संडासाच्या टाकीचं नवं रबर घेऊन आला. न सांगता! उम्म वस्फी लेकीला म्हणाली, "लग्न ठरलं की नवरामुलगा सुधारतो म्हणतात. इथे तर सासराच सुधारला." महिनाअखेरीला पाण्याचं बिल इतकं कमी आलं, की ते आपलंच आहे ना म्हणून त्याने वरचं नाव दोनदा वाचलं.

थोड्या आठवड्यांनी मुलाची आई, उम्म फव्वाज, अंगठी घालायला आली. गुडघे धरत धरत ती जिना चढली आणि वर येताच तिने इब्तिहालला विचारलं, "जिना लख्ख आहे गं! किती पाणी ओतलंस?"

आतून जुमाना, सबीहा, साऱ्या बायका कान देऊन होत्या. इब्तिहालचा चेहरा लाल झाला. आईकडे न बघता तिने खरं तेच सांगितलं, "एक बादली. तीही कपडे खळबळलेल्या पाण्याची. वरून खाली पुसत आले."

उम्म फव्वाज पुढे झाली. मग तिचे ओले, खरबरीत हात आपल्या हातात घेऊन म्हणाली, "आमची टाकी तुमच्याहून लहान आहे. मला हीच काळजी होती." आणि तिने अंगठी घातली.

मित्रांनो, आता मी थकले आहे. माझ्या शेजारी प्लास्टिकची पांढरी टाकी आली आहे. ती तरुण आहे, उन्हात अजून हसते. माझ्यात फक्त हिवाळ्यातल्या पावसाचं गच्चीवरचं पाणी साठवतात, पुदिन्यासाठी. भंगारवाला गल्लीत ओरडत येतो तेव्हा मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

जाण्याआधी एवढंच मागते. मला पाणी तयार करता येत नाही. कुठल्याच टाकीला येत नाही. आलेलं सांभाळायचं आणि मागेल त्याला द्यायचं, एवढंच आम्हाला येतं. नको म्हणता येत नाही. म्हणून तुमच्या हाताला साबण लागलेला असेल तेव्हा नळ बंद करा. गळणारा नळ उद्यावर टाकू नका. आणि कधी गच्चीवर गेलात, तर तुमच्या टाकीच्या अंगावर हळूच टकटक करून बघा. कुठवर पोकळ वाजतं आणि कुठून भरीव, ते ऐका. बाकीचं ती तुम्हाला सांगेल.