बाळातला ळ

पोर पोटात होती तेव्हाच तिनं नाव ठरवून टाकलं होतं. इळा. इळा म्हणजे पृथ्वी. दवाखान्यात ती दिवसभर फोनवर लोकांना नावं विचारून वेळा द्यायची. तीच ती नावं ऐकून तिचे कान किटले होते. आपल्या लेकीचं नाव तरी गर्दीत हरवू नये, एवढीच तिची हौस.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. "इळा? गवत कापायचा?" त्यांच्या माहेरी विळ्याला इळाच म्हणत. नवरा हसला, पण बायकोच्या बाजूनं उभा राहिला आणि नाव कायम झालं.

कायम झालं ते कागदावर. लस देणाऱ्या बाई 'इला' म्हणाल्या. पाळणाघरातली मावशी लाडानं 'इलू' म्हणायची. शेजारचे काका तर दर वेळी मोठ्या खात्रीनं 'इरा' अशी हाक मारायचे. ती प्रत्येकाला सांगायची, ल नाही, ळ, बाळातला ळ. सांगून सांगून ते वाक्य तिच्या तोंडात असं बसलं, की कुणी लेकीचं नाव विचारलं तर आधी 'बाळातला ळ' यायचं आणि मग नाव.

मुलगी तीन-चार महिन्यांची असतानाच कुठल्याशा मालिकेतल्या नायिकेचं नाव निघालं इला. बघता बघता फोनवर इलाच इला यायला लागल्या. कुणाची नात, कुणाची भाची. तिच्या लेकीचं नाव ऐकून लोक म्हणायचे, अरे वा, मालिकेवरून ठेवलंत का. सुरुवातीला ती समजावून सांगायची. पुढे पुढे नुसतीच मान हलवू लागली.

लेक पाच वर्षांची असताना नणंदेला मुलगी झाली. फोनवर नणंद थोडी चाचरत बोलली. "वहिनी, रागावू नकोस. आम्ही इला ठेवतोय. तुमचं वेगळंच आहे, तुमच्यात ळ आहे ना."

ती रागावली नाही. रागवायला अंगात त्राण लागतं. सासूबाईंना मात्र नव्या नातीचं नाव फार गोड वाटलं, आणि त्या दिवसापासून मोठीलाही त्या इलाच म्हणू लागल्या. दोन्ही नातींना एकाच नावानं हाक मारता येते, मग कशाला जीभ वळवा, असं त्यांचं म्हणणं.

शाळा सुरू झाली. पहिल्याच भेटीत बाईंनी हसत विचारलं, "वर्गात तीन इला आहेत. तुमची कुठली?"

"माझी इळा. ळ."

बाई ओशाळल्या. म्हणाल्या, तिनं स्वतःच इला सांगितलं, म्हणून मी तसंच म्हणते.

घरी येताना तिनं लेकीला विचारलं. लेक दप्तराचा पट्टा ओढत चालत होती. "इळा म्हटलं की बाई परत विचारतात. मग मुलं विळा विळा करतात. इला म्हटलं की लगेच पुढच्या मुलीकडे जातात."

त्याच दुपारी फोनवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपलं आडनाव दोनदा दुरुस्त करून दिलं होतं आणि तिनं, चालेल हो काका, लिहिलंय, असं म्हणून फोन ठेवला होता. पुढचा फोन वाजत होता, दुसरं काय.

संध्याकाळी पानं वाढून झाली आणि तिनं ओट्यापासूनच हाक मारली, "इला, जेवायला ये." आलंच तोंडात. दिवसभर तेच कानावर पडत होतं.

उत्तर आलं नाही. तिनं आणखी एकदा हाक मारली आणि हात पुसत खोलीत गेली. लेक जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती.

"ऐकू येत नाही का ग?"

"आलं की. मला वाटलं, तू फोनवर आत्याच्या बाळाशी बोलतेयस."

"तुलाच बोलवत होते."

लेकीनं रंगाची कांडी खाली ठेवली आणि आईकडे नीट पाहिलं. "तू नको ना इला म्हणू. तुला येतं की नीट."

ती पलंगाच्या कडेला टेकली. बाहेरून सासूबाईंनी इला, इला करून हाका सुरू केल्या. "आले, आजी," म्हणत लेक उठून पळाली.

पानं निवत होती. उठण्याआधी तिनं एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं, इळा.